लाख्यात आणि इंग्रजीचा साधा भूतकाळ : एका नावाखालील दोन व्यवस्था

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनात भूतकाळाच्या चुका विपुल आढळतात. त्या निष्काळजीपणाच्या किंवा अपुऱ्या पाठांतराच्या खात्यावर मांडण्याकडे परीक्षकाचा सामान्यतः कल असतो. ‘आय डिड नॉट वेन्ट’, ‘आय हॅड गॉन टु पेण यस्टर्डे’, ‘ही हॅज कम यस्टर्डे’, ‘इफ इट रेन्ड, आय विल नॉट कम’ ही अशा लेखनातील काही नमुनेदार वाक्ये. वरवर पाहता त्यांचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. पहिले नकाराचे, दुसरे व तिसरे पूर्ण काळांचे, तर चौथे संकेतार्थाचे. मात्र ही चारही वाक्ये मराठीत जशीच्या तशी उलटवून पाहिली, तर ती निर्दोष ठरतात : ‘मी गेलो नाही’, ‘मी काल पेणला गेलो होतो’, ‘तो काल आला आहे’, ‘पाऊस पडला तर मी येणार नाही’. म्हणजे विद्यार्थी मराठीच्या व्यवस्थेशी प्रामाणिक राहून इंग्रजी लिहीत असतो. त्याची अडचण अशी की, दोन्ही भाषांतील दोन वेगळ्या रूपांना त्याने शाळेत एकाच नावाने ओळखलेले असते. ते नाव ‘साधा भूतकाळ’ हे होय. या नावाखाली काय काय दडले आहे, याचा विचार इंग्रजीच्या अध्यापकाइतकाच मराठीच्या अध्यापकालाही करावा लागतो. कारण चुकीचे मूळ मराठीच्या व्याकरणात आहे.

नाव कोठून आले, हे प्रथम पाहणे उचित ठरेल. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या मांडणीवर लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाची छाया आहे, ही गोष्ट मराठी व्याकरणाच्या इतिहासात सर्वपरिचित आहे. मरेचे व्याकरण १७९५ चे. आज ज्या रूपाला इंग्रजीत साधा भूतकाळ म्हणतात, त्याला मरे ‘अपूर्ण’ अशा अर्थाच्या लॅटिन परंपरेतील संज्ञेने ओळखतो. म्हणजे इंग्रजीचे काळ त्याने लॅटिनच्या साच्यात बसविले, आणि पुढे मराठीचे काळ इंग्रजीच्या साच्याजवळ नेले गेले. वर्तमान, भूत, भविष्य आणि प्रत्येकाचे साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती असे चौकोनी कोष्टक शालेय पुस्तकांतून आजही शिकविले जाते. त्याची सोय नाकारण्याचे कारण नाही. पण कोष्टकातील समोरासमोरच्या घरांत बसलेल्या वस्तू समान असतात, हा भ्रमही त्या सोयीबरोबरच येतो.

मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) मात्र आख्यातांची नावे प्रत्ययांवरून आलेली दिसतात : ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ई-आख्यात, ऊ-आख्यात इत्यादी. ही नावे आज विद्यार्थ्यांना रुक्ष वाटतात व परीक्षेपुरतीच पाठ केली जातात. वास्तविक त्यांच्यात मोठे शहाणपण आहे. ‘लाख्यात’ ही संज्ञा रूपाचे नाव सांगते, त्याच्या अर्थाविषयी आधीच निवाडा करीत नाही. ‘गेला’, ‘आला’, ‘केले’ ही रूपे भूतकाळ दाखवितात काय, हा प्रश्न तिच्यामुळे खुला राहतो. ‘साधा भूतकाळ’ या नावाने तो विचारण्याआधीच मिटतो.

आता दोन्ही रूपांची घडण. इंग्रजीच्या बाजूने सांगण्यासारखे फार नाही. बहुसंख्य क्रियापदांना लिहिताना ‘इ-डी’ हा प्रत्यय लागतो. त्याचे उच्चार तीन : अघोष ध्वनीनंतर ‘ट्’ (वर्क्ट, वॉश्ट), घोष ध्वनीनंतर ‘ड्’ (ओपन्ड, प्लेड) आणि धातूच्या अंती ‘ट्’ किंवा ‘ड्’ असेल तर ‘इड्’ (वाँटिड, नीडिड). मराठी विद्यार्थी लिपीवर विसंबून ‘वर्केड’, ‘वॉशेड’ असे उच्चारतो. शब्दान्ती ‘क्ट’, ‘श्ट’ अशी जोडाक्षरे मराठीला फारशी सोयीची नाहीत, हेही त्याचे एक कारण आहे. दोन-अडीचशे क्रियापदे अनियमित आहेत. त्यांतील सिंग–सँग यांसारखी स्वर पालटतात, सेन्ड–सेन्ट यांसारखी व्यंजन पालटतात, तर पुट, कट ही मुळीच बदलत नाहीत. ‘गो’चे भूतरूप ‘वेन्ट’ हे तर ‘वेन्ड’ या दुसऱ्याच धातूकडून आलेले आहे. विद्यार्थ्याला हा इंग्रजीचा लहरीपणा वाटतो. पण त्याच्या स्वतःच्या भाषेत ‘जा’चे रूप ‘गेला’ होते आणि तेही दुसऱ्याच धातूचे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ‘जा’ हे संस्कृत ‘या’ धातूकडून आले, ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’ या रूपाकडून. कर–केला, घे–घेतला, दे–दिला, ये–आला, हो–झाला, खा–खाल्ला, माग–मागितला या रूपांना एक नियम लावून दाखवावा, म्हणजे इंग्रजीच्या अनियमित क्रियापदांविषयीची तक्रार बरीच सौम्य होईल. नित्य वापरातील धातूंचीच रूपे अधिक वेडीवाकडी राहतात, ही दोन्ही भाषांतील सारखी गोष्ट आहे.

खरे अंतर कर्त्याशी असलेल्या संबंधात आहे. इंग्रजीचे भूतरूप कर्त्याकडे पाहत नाही, कर्माकडेही पाहत नाही. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ ही जोडी सोडली, तर पुरुष, वचन, लिंग यांचा त्यावर परिणाम नाही. मराठीत नेमके उलटे घडते. ‘मुलाने पोथी वाचली’, ‘मुलीने ग्रंथ वाचला’, ‘मुलांनी पुस्तके वाचली’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि कर्ता तृतीयेत उभा राहतो. याचे कारण इतिहासात आहे. लाख्यात हे मुळात क्रियापदाचे रूप नव्हते. संस्कृतातील ‘मया ग्रन्थः पठितः’ या रचनेतील कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित विशेषणाला प्राकृतात ‘इल्ल’सारखा प्रत्यय जोडला जाऊन ते सिद्ध झाले. श्रवणबेळगोळच्या लेखातील ‘चावुंडराजें’ हा तृतीयान्त कर्ता आणि ‘करवियलें’ हे क्रियापद यांची जोडी मराठीच्या अगदी प्रारंभीच्या लेखनात ही रचना स्थिर झाल्याची साक्ष देते. विशेषण असल्यामुळेच लाख्यात लिंग पाळते. ‘वाचलीस’सारख्या रूपात तर कर्माचे लिंग आणि कर्त्याचा पुरुष दोन्ही एकाच शब्दात दाटीवाटीने बसलेले असतात. गंमत अशी की, ज्या सकर्मक क्रियापदांना ही कर्मणी रचना मानवत नाही, त्यांत ‘शिकणे’ हेही येते : ‘मी इंग्रजी शिकलो’, ‘ती इंग्रजी शिकली’.

विशेषणाचा हा वारसा केवळ रूपापुरता नाही; अर्थातही तो उतरला आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा गाभा तेथेच आहे. पनवेल–रोहा लोहमार्गावरील कासू या पेण तालुक्यातील स्थानकावर गाडीची वाट पाहणारे लोक गाडी दूरवर दिसू लागताच ‘गाडी आली’ असे म्हणतात. परिसरातील आगरी बोलणारा ‘आयली’ म्हणेल. गाडी अद्याप फलाटास लागलेली नसते. तरीही लाख्यात योजले जाते आणि ऐकणाऱ्यास ते मुळीच खटकत नाही. घरातून हाक आली असता जागेवरून न उठता ‘आलोच’ असे उत्तर देता येते. ‘भूक लागली’, ‘समजले’, ‘कंटाळा आला’ या वाक्यांतील स्थिती बोलण्याच्या क्षणी चालू असते. भूतकाळाची व्याख्या ‘होऊन गेलेली क्रिया’ अशी करणाऱ्या पाठ्यपुस्तकाला या उदाहरणांचे काय करावे ते कळत नाही, आणि बहुधा ती अपवाद म्हणून बाजूला सारली जातात. ती अपवाद नाहीत. लाख्यात क्रियेची पूर्णता सांगते. ती पूर्णता काळाच्या कोणत्या बिंदूवर आहे, हे सांगण्याचे काम त्याच्याकडे नाही. पूर्णता झालेली असेल, होत असेल, किंवा इतकी निश्चित असेल की झाल्यासारखीच धरावी. संदर्भ दुसरे काही सुचवीत नसेल तर झालेली क्रिया अर्थातच मागे पडलेली असते, म्हणून कथनात लाख्यात भूतकाळाचे काम चोख करते. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर, लाख्यात प्रथम क्रियाव्याप्तीचे रूप आहे, काळाचे नंतर.

इंग्रजीचे रूप याच्या उलट आहे. कासूच्या फलाटावरील त्या क्षणी ‘द ट्रेन केम’ असे कोणीही इंग्रजीभाषक म्हणणार नाही; तो ‘द ट्रेन इज कमिंग’ किंवा ‘हिअर कम्स द ट्रेन’ म्हणेल. ‘केम’ म्हणायचे, तर गाडी येणे ही गोष्ट वक्त्याच्या आत्ताच्या क्षणापासून तुटून मागे कोठेतरी जाऊन बसली पाहिजे. हान्स रायखेनबाख याने १९४७ साली काळांच्या विश्लेषणासाठी तीन बिंदू कल्पिले : बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि ज्या क्षणावर उभे राहून घटनेकडे पाहिले जाते तो संदर्भाचा क्षण. इंग्रजीच्या साध्या भूतकाळात घटना आणि संदर्भ एकत्र असतात व दोन्ही बोलण्याच्या क्षणाच्या मागे असतात. ‘हॅव’ने होणाऱ्या पूर्ण वर्तमानात घटना मागे असते, पण संदर्भ बोलण्याच्या क्षणाशीच असतो. म्हणूनच ‘यस्टर्डे’ हा शब्द पहिल्याशी नांदतो, दुसऱ्याशी नांदत नाही. मराठीत ‘तो काल आला’ आणि ‘तो काल आला आहे’ ही दोन्ही वाक्ये चालतात; दुसऱ्यात तो अजून येथेच आहे, एवढे अधिक कळते. विद्यार्थ्याने लिहिलेले ‘ही हॅज कम यस्टर्डे’ हे नेमके तेच अधिक सांगू पाहते. इंग्रजीला ते एका क्रियापदात सांगता येत नाही.

येथे एक मर्यादा नोंदविली पाहिजे. अमेरिकन इंग्रजीत ‘डिड यू ईट ऑलरेडी?’ असा प्रयोग सर्रास होतो. ब्रिटिश वळणाला तेथे ‘हॅव यू ईटन?’ अधिक मानवते. तेव्हा ही सीमा सर्वत्र सारखी काटेकोर नाही. तरीही ‘यस्टर्डे’बरोबरचा ‘हॅव’ दोन्हीकडे अमान्यच राहतो.

मग इंग्रजीच्या साध्या भूतकाळात जी दूरता आहे, ती मराठी कशाने व्यक्त करते? उत्तर ‘होता’ या साहाय्यक क्रियापदात सापडते. ‘माझी वही हरवली’ या वाक्यावरून वही अजून सापडलेली नाही, असे समजले जाते. ‘माझी वही हरवली होती’ म्हटले की प्रकरण मिटले. वही बहुधा सापडली आहे, किंवा निदान आता तिची चिंता नाही. पहिल्या वाक्याला इंग्रजीत ‘आय हॅव लॉस्ट’ शोभते, दुसऱ्याला ‘आय लॉस्ट’. म्हणजे कोष्टकात ज्याला ‘पूर्ण भूतकाळ’ म्हणतात, ते मराठी रूप पुष्कळदा इंग्रजीच्या साध्या भूतकाळाचे काम करते, आणि ज्याला ‘साधा भूतकाळ’ म्हणतात, ते इंग्रजीच्या पूर्ण वर्तमानाचे. घरे एकेका पायरीने सरकलेली आहेत. ‘मी काल पेणला गेलो होतो’ यात दुसऱ्या कोणत्याही भूत घटनेच्या आधी असण्याचा भाव नाही; केवळ जाऊन परत आलो, ती गोष्ट आता मागे पडली, एवढेच आहे. इंग्रजीच्या ‘हॅड गॉन’ला मात्र आधी-नंतरचा असा दुसरा टेकू लागतो. भारतीय इंग्रजीत ‘हॅड’चा जो अतिरेक दिसतो, त्याचा उगम मराठीभाषकांपुरता तरी येथे शोधता येतो.

‘होता’ दूरता दाखवितो याला आणखी एक पुरावा आहे, आणि तो काळाच्या बाहेरचा आहे. ‘मला जरा विचारायचे होते’ असे म्हणणारा मनुष्य आत्ताच विचारू इच्छितो. ‘होते’ने तो केवळ आर्जवापोटी एक पाऊल मागे सरतो. इंग्रजीतील ‘आय वाँटेड टु आस्क यू’ हा प्रयोग अगदी याच जातीचा आहे. ‘जायला हवे होते’ म्हटले की गेलो नाही, हे कळते. वास्तवापासूनचे अंतर तेथे ‘होते’नेच मोजले आहे. भूतकाळ म्हणजे दूरता, मग ती क्षणापासूनची असो, श्रोत्यापासूनची असो वा वास्तवापासूनची, ही इंग्रजीच्या ‘इ-डी’ची चाल मराठीत ‘ला’ची नसून ‘होता’ची आहे.

संकेतार्थातील चूक यावरून उलगडते. ‘पाऊस पडला तर’ यात लाख्यात पुढील काळातल्या पूर्ण झालेल्या क्रियेची कल्पना करते आणि अट पूर्णतः संभाव्य राहते. तिला इंग्रजीत ‘इफ इट रेन्स’ असा वर्तमान लागतो. ‘इफ इट रेन्ड’ म्हटल्याबरोबर पाऊस वास्तवापासून दूर लोटला जातो. तो पडण्याची शक्यता वक्त्याला कमी वाटते, असा अर्थ होतो. जुलै महिन्यात रायगड जिल्ह्यातील विद्यार्थ्याने असे लिहावे, हा त्याच्यावर व्याकरणाने केलेला अन्यायच म्हणायचा.

‘डिड नॉट वेन्ट’चे मूळ किंचित निराळे आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो व पूर्णतेची खूण मुख्य धातूवरच राहते : ‘गेलो नाही’. शिवाय ‘गेला होता’सारख्या रूपांत ती खूण मुख्य व साहाय्यक अशा दोन्ही क्रियापदांवर असते, आणि त्यात मराठी कानाला काही जादा वाटत नाही. इंग्रजी वाक्यात भूतकाळाचे आसन एकच. ‘डिड’ त्यावर बसला की मुख्य धातूला उघडेच राहावे लागते. ही ‘डू’ची योजना इंग्रजीतही मूळची नव्हे. प्रश्न व नकार यांत ती सोळाव्या-सतराव्या शतकांत रूढ होत गेली. शेक्सपिअरच्या काळी क्रियापदापुढे सरळ ‘नॉट’ ठेवण्याची जुनी रीतही चालू होती.

आतापर्यंतचा विचार मराठीकडून इंग्रजीकडे जाणाऱ्याचा झाला. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला उलट वाट अधिक वेळा तुडवावी लागते, कारण त्याला इंग्रजीतून भाषांतर करायचे असते. तेथे इंग्रजीचे दारिद्र्य दृष्टीस पडते. ‘शी ओपन्ड द विंडो अँड लुक्ट ॲट द रोड’ या साध्या वाक्यासाठी मराठीत निदान तीन पर्याय उभे राहतात : तिने खिडकी उघडली आणि रस्त्याकडे पाहिले, ती खिडकी उघडी आणि रस्त्याकडे पाही, ती खिडकी उघडायची आणि रस्त्याकडे पाहायची. एकदाची घटना, लेखी वळणाचा नित्यक्रम, बोलीतील आठवणीचा सूर. इंग्रजी वाक्य या तिन्हींना आपल्या पोटात घेऊन गप्प बसते आणि निवड वाचकावर सोडते. मराठी भाषांतरकाराला गप्प बसता येत नाही. त्याला मागचापुढचा परिच्छेद पाहून ठरवावे लागते, आणि येथे चुकलेले भाषांतर व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध असूनही कथेचे कालभान बिघडविते. बालपणाच्या आठवणींनी भरलेले प्रकरण सलग लाख्यातात उतरवले, म्हणजे वर्षानुवर्षे चालत आलेल्या गोष्टी जणू एका दुपारी घडल्यासारख्या भासू लागतात. स्थितिवाचक क्रियापदांचे तर विचारूच नये. ‘ही लिव्ड इन कासू’ याचे मराठी ‘तो कासूला राहिला’ असे केले तर एक-दोन रात्रींचा मुक्काम सूचित होतो. ‘राहत होता’ किंवा ‘राहत असे’ म्हणावे लागते. उलट मराठीकडून जाणारा ‘राहत होता’साठी ‘वॉज लिव्हिंग’ लिहितो आणि कायमच्या रहिवाशाला तात्पुरता करून टाकतो. लिंगाचाही प्रश्न आहेच. इंग्रजी कथेतील प्रथमपुरुषी निवेदक स्त्री की पुरुष, हे लेखकाने दहा पाने झाकून ठेवलेले असले, तरी मराठीत पहिल्याच ‘गेलो’ वा ‘गेले’ने ते उघड होते.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून शिकविले जाई. २००० साली ते पहिलीपासून सुरू झाले. वर्षे वाढली, तरी काळांच्या अध्यापनात वाक्य सुटे देऊन ‘काळ बदला’ असे सांगण्याची पद्धत बरीचशी टिकून आहे. तिची मुळे वाक्याला वाक्य देणाऱ्या जुन्या भाषांतर-पाठांपर्यंत पोचतात. सुट्या वाक्यात संदर्भाचा क्षण नसतो, आणि इंग्रजीचा साधा भूतकाळ तर त्या क्षणावरच उभा असतो. ‘वही हरवली’ याचे इंग्रजी करा, असे विचारण्याऐवजी ‘वही हरवली, शोधायला मदत कर’ आणि ‘परवा वही हरवली, मग बाकाखाली मिळाली’ अशी दोन वाक्ये समोर ठेवली, तर कासूचा विद्यार्थीही पहिल्यात ‘हॅव लॉस्ट’ व दुसऱ्यात ‘लॉस्ट’ का, हे आपल्या ‘हरवली’ आणि ‘हरवली होती’ या भेदावरून स्वतः शोधू शकतो. त्याला लागणारा भेद त्याच्या बोलण्यात आधीपासूनच असतो. तो कोष्टकाच्या दुसऱ्या घरात ठेवलेला असतो, इतकेच.